विश्लेषण : नदीच्या उतारात थांबलेली गाडी जगप्रसिद्ध कशी झाली? कोण होता चित्रकार जॉन कॉन्स्टेबल?

खेड्यातली एक लहानशी नदी, काठावरचे जुने घर, पाण्यात उभी असलेली रिकामी गाडी आणि वर ढगांनी भरलेले आकाश. इंग्लंडमध्ये बिस्किटांच्या डब्यांपासून कॅलेंडरपर्यंत सगळीकडे पोहोचलेले हे चित्र म्हणजे ‘द हे वेन’, अर्थात गवत वाहायची गाडी. ते १८२१ मध्ये जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराने काढले. त्याच्या आडनावाचा पोलीस खात्याशी काही संबंध नाही. त्याचा बाप पाणचक्क्यांचा मालक आणि धान्याचा व्यापारी होता. २०२६ हे त्याच्या जन्माचे २५०वे वर्ष. आज हे चित्र म्हणजे निवांत खेडे असे समीकरण झाले आहे. प्रत्यक्षात ते रंगवले जात असताना इंग्लंडची खेडी अस्वस्थ होती आणि खुद्द चित्रकाराच्या आयुष्यातही फारशी निवांतता नव्हती.

चित्रात नेमके काय आहे?

हे ठिकाण आहे इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यातले फ्लॅटफर्ड. येथे स्टूर नदी वाहते. नदीच्या पलीकडे एसेक्स परगणा सुरू होतो. चित्रात डाव्या हाताला दिसणारे घर विली लॉट या शेतकऱ्याचे. हा माणूस ८० वर्षांहून अधिक जगला आणि एवढ्या आयुष्यात चारच रात्री घराबाहेर राहिला, असे सांगितले जाते. घराजवळ पाण्याशी एक बाई वाकलेली आहे. अलीकडच्या काठावर एक कुत्रा गाडीकडे पाहतो आहे. उजवीकडे झुडपांत मासे धरणारा एक जण आहे आणि दूरच्या कुरणात गवत कापणारी माणसे ठिपक्यांएवढी दिसतात. वेळ दुपारची.

गाडी पाण्यात का उभी आहे, याची उत्तरे अनेक दिली जातात. ती नदीच्या उतारातून पलीकडच्या कुरणात गवत भरायला निघाली असावी. घोड्यांना पाणी पाजायचे असेल. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड सुकून आकसते आणि वरची लोखंडी धाव सैल होते, म्हणून चाके भिजवायची असतील. बैलगाडीच्या धावेची कटकट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कॉन्स्टेबलनेही ते समजावून सांगितलेले नाही. कामाच्या दिवसातला एक क्षण त्याने तसाच ठेवला आहे.

चक्कीमालकाचा मुलगा चित्रकार कसा झाला?

कॉन्स्टेबलचा जन्म ११ जून १७७६ रोजी सफोकमधल्या ईस्ट बर्गोल्ट या गावी झाला. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल यांच्या फ्लॅटफर्ड आणि डेडम येथे पाणचक्क्या होत्या. गावाजवळ पवनचक्कीही होती. दळलेला माल सपाट बुडाच्या नावांतून नदीमार्गे मिस्टली बंदरात जाई आणि तेथून घरच्याच जहाजाने लंडनला रवाना होई. काठावरून चालणारे घोडे या नावा ओढत. पुढे त्याच्या चित्रांत दिसणारे घोडे, नावा, पाणदरवाजे आणि धरणीचे कुजके खांब हे सारे घरच्या धंद्यातले होते.

थोरला भाऊ बौद्धिकदृष्ट्या अपंग असल्यामुळे धंदा जॉननेच सांभाळावा अशी घरच्यांची अपेक्षा होती. त्याने काही काळ पवनचक्कीत कामही केले. तिच्या लाकडावर त्याने १७९२ साल घालून स्वतःचे नाव कोरले होते. पवनचक्की चालवणाऱ्याला आकाश वाचावेच लागते. वारा कधी फिरणार, ढग कोणत्या दिशेने येत आहेत, हे वेळेवर कळले नाही तर पात्यांचे नुकसान होते. ढग वाचण्याची ही सवय त्याला आयुष्यभर उपयोगी पडली.

धाकटा भाऊ एब्रम धंद्यात तयार झाला आणि जॉनला मोकळीक मिळाली. १७९९ मध्ये तो लंडनच्या रॉयल अकादमीच्या कलाशाळेत दाखल झाला. १८०२ मध्ये लष्करी महाविद्यालयात चित्रकला शिकवण्याची नोकरी चालून आली होती. पगाराची हमी होती, पण चित्रकार म्हणून आपली वाट बंद होईल असे वाटून त्याने ती नाकारली. त्याच वर्षी त्याचे पहिले चित्र अकादमीच्या प्रदर्शनात लागले.

निसर्गचित्राला तेव्हा किंमत का नव्हती?

त्या काळी चित्रांचीही उतरंड असे. सर्वांत वर इतिहास, पुराण आणि बायबलमधले प्रसंग. त्याखाली व्यक्तिचित्रे. निसर्गचित्र बरेच खाली. ते काढायचेच तर त्यात इटलीतले भग्न अवशेष, प्राचीन देवळे किंवा निदान डोंगर-धबधबे असावेत, अशी रसिकांची अपेक्षा होती. चिखल, कुंपण आणि गावची नदी हा कुणाला चित्राचा विषय वाटत नसे.

रंगांबाबतही ठरलेले संकेत होते. जुन्या चित्रांवरचे रोगण काळाने तपकिरी पडले होते आणि तोच तपकिरी रंग म्हणजे अभिरुची असे मानले जाई. कॉन्स्टेबलला तरुणपणी प्रोत्साहन देणारे सर जॉर्ज बोमाँट हे संग्राहकही याच मताचे होते. निसर्गचित्राची रंगत जुन्या व्हायोलिनसारखी असावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर कॉन्स्टेबलने वाद घातला नाही. त्याने एक व्हायोलिन उचलले आणि घरासमोरच्या हिरव्या गवतावर ठेवले, अशी आठवण सांगितली जाते. गवत हिरवे असते, हे सिद्ध करायला तेवढे पुरेसे होते.

त्याने झाडे हिरवी रंगवली, तीही अनेक छटांत. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चमक दाखवायला तो पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके देई. टीकाकारांनी त्याची ‘कॉन्स्टेबलचा बर्फ’ म्हणून थट्टा केली.

लग्नासाठी सात वर्षे का थांबावे लागले?

मारिया बिकनेलला तो ती लहान असल्यापासून ओळखत होता. १८०९ मध्ये दोघे प्रेमात पडले. तिचे वडील आरमार खात्याचे वकील होते आणि आजोबा डॉ. रड हे ईस्ट बर्गोल्टचेच धर्मोपदेशक. चक्कीवाल्याच्या, त्यातही चित्रे काढून पोट भरू पाहणाऱ्या मुलाशी नातीने लग्न करणे आजोबांना मान्य नव्हते. तिला वारशातून वगळण्याची धमकी त्यांनी दिली.

पैसा नाही म्हणून लग्न नाही आणि चित्रे विकली जात नाहीत म्हणून पैसा नाही, अशा कोंडीत सात वर्षे गेली. दोघांचा आधार होता तो पत्रांचा. याच काळात तो उन्हाळ्यात गावी येऊन उघड्यावर बसून चित्रे काढत असे. वडिलांच्या गोदीत नाव बांधली जात असतानाचे १८१५ मध्ये प्रदर्शित झालेले चित्र त्याने बहुतांशी जागेवरच रंगवले. घराच्या खिडकीतून दिसणारी वडिलांची फुलबाग आणि भाजीचा मळा ही दोन छोटी चित्रेही त्याच वर्षीची.

मे १८१६ मध्ये वडील वारले. वारसा हक्काने धंद्यातला वाटा मिळाला आणि संसार चालेल एवढी सोय झाली. २ ऑक्टोबर १८१६ रोजी लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये दोघांचे लग्न झाले. तेव्हा तो ४० वर्षांचा होता. लग्न लावले ते मित्र आणि धर्मोपदेशक जॉन फिशर यांनी. पुढेही हेच फिशर त्याच्या चित्रांचे गिऱ्हाईक आणि पाठीराखे राहिले.

लंडनमध्ये बसून गावाचे चित्र कसे काढले?

लग्नानंतर त्याने लंडनमध्ये बिऱ्हाड केले. गावचे राहते घर विकले गेले आणि तेथे जाणे कमी होत गेले. आश्चर्य म्हणजे त्याची गावाची सर्वांत मोठी चित्रे याच काळातली आहेत.

अकादमीच्या प्रदर्शनात भिंती छतापर्यंत चित्रांनी भरलेल्या असत. लहान निसर्गचित्र त्या गर्दीत दिसतही नसे. तेव्हा कॉन्स्टेबलने सुमारे सहा फूट रुंदीचे कॅनव्हास घ्यायचे ठरवले. एवढा आकार इतिहासातल्या थोर प्रसंगांसाठी राखीव मानला जाई. १८१९ मध्ये त्याने या आकाराचे पहिले चित्र मांडले, ‘द व्हाइट हॉर्स’. नाव ओढणारा पांढरा घोडा नावेतूनच नदीपार नेला जात आहे, एवढाच विषय. फिशर यांनी ते १०० गिनींना घेतले. त्याच वर्षी, ४३व्या वर्षी, तो अकादमीचा सहसदस्य झाला. त्याच्यापेक्षा वर्षभराने मोठा असलेला टर्नर २६व्या वर्षीच पूर्ण सदस्य झाला होता.

‘द हे वेन’ हे या मालिकेतले तिसरे चित्र. त्यासाठी त्याने गावातून वर्षानुवर्षे जमवलेल्या रेखाटनवह्या आणि लहान तैलचित्रे काढली. मग पूर्ण आकाराचे एक कच्चे चित्र रंगवले. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यानंतर दुसऱ्या कॅनव्हासवर पक्के चित्र. एका चित्रासाठी दोनदा सहा फूट रंगवण्याची ही पद्धत खर्चिक होती, पण मांडणीतली चूक पक्क्या चित्रात जाऊ नये यासाठी होती. गाडीची बांधणी नीट आठवेना, तेव्हा त्याने भावामार्फत गावच्या एका तरुण चित्रकाराकडून खऱ्या गाडीचे रेखाटन मागवून घेतले. गावचा माणूस गाडी पाहील आणि चूक काढील, ही धास्ती त्याला असावी.

ढगांचा अभ्यास कशासाठी?

मारियाची प्रकृती नाजूक होती. लंडनच्या धुरापासून दूर म्हणून उन्हाळ्यात कुटुंब हॅम्पस्टेड या उंचावरच्या भागात राहू लागले. १८२१ आणि १८२२ मध्ये कॉन्स्टेबलने तेथे ढगांचा ध्यास घेतला. उघड्यावर बसून, ढग सरकायच्या आत पुरी करायची छोटी तैलचित्रे. मागच्या बाजूला तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि हवेची नोंद. त्यातल्या बऱ्याच चित्रांत जमीन नाहीच, फक्त आकाश आहे.

ल्यूक हॉवर्ड या हवामान अभ्यासकाने ढगांना लॅटिन नावे देऊन त्यांचे वर्गीकरण करून तेव्हा वीसेक वर्षे झाली होती. हवामानावरचे लेखन कॉन्स्टेबल वाचत होता. आकाश हा चित्रामागचा पडदा नसून चित्राचा भाव तेथूनच ठरतो, अशी त्याची धारणा होती. ढग दाट असेल तर खालच्या कुरणावर त्याची सावली पडलीच पाहिजे. पाणी चमकत असेल तर वर कुठेतरी ऊन फुटलेले असले पाहिजे. चित्रकला ही निसर्गविज्ञानाचीच एक शाखा मानावी, असा आग्रह त्याने पुढे आपल्या व्याख्यानांतही धरला.

इंग्लंडने जे ओळखले नाही ते पॅरिसने कसे ओळखले?

१८२१ च्या प्रदर्शनात हे चित्र ‘निसर्गचित्र : दुपार’ अशा नावाने लागले आणि विकले गेले नाही. मात्र फ्रेंच चित्रकार जेरिको ते पाहून प्रभावित झाला होता. पुढल्या वर्षी जॉन अॅरोस्मिथ या पॅरिसच्या व्यापाऱ्याने ७० पौंड देऊ केले. कॉन्स्टेबलने नकार दिला. अखेर १८२४ मध्ये ‘द हे वेन’, आणखी एक मोठे चित्र आणि वर एक छोटे, असा सौदा २५० पौंडांना झाला.

त्याच वर्षी पॅरिसच्या ‘सलाँ’ या सरकारी प्रदर्शनात ही चित्रे लागली आणि तरुण चित्रकार थक्क झाले. हवा ओली वाटते, पाने हलताना दिसतात, असे काही त्यांनी पाहिले नव्हते. देलाक्रुआने ही चित्रे पाहून त्याच प्रदर्शनातल्या स्वतःच्या मोठ्या चित्रावर पुन्हा हात फिरवल्याचे सांगितले जाते. राजे दहावे चार्ल्स यांनी कॉन्स्टेबलला सुवर्णपदक दिले. पुढे बार्बिझाँ गावच्या रानात जाऊन चित्रे काढणाऱ्या फ्रेंच चित्रकारांनी त्याच्यापासून धडा घेतला. पदक घ्यायला कॉन्स्टेबल गेला नाही. आयुष्यात त्याने कधी इंग्लंडबाहेर पाऊल टाकले नाही.

या खेड्यात काय दिसत नाही?

हा प्रश्न कलेच्या अभ्यासकांनी विसाव्या शतकात विचारायला सुरुवात केली. १८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले. परतलेल्या सैनिकांमुळे मजूर वाढले, मजुरी घसरली. परदेशी धान्य रोखणाऱ्या कायद्यामुळे भाकरी महागच राहिली. अनेक ठिकाणी गायराने कुंपणात जाऊन खासगी झाली आणि गरिबाची गाय चरायची जागा गेली. ईस्ट बर्गोल्टचे गायरानही याच काळात गेले. १८१६ मध्ये पूर्व इंग्लंडमध्ये दंगे झाले. १८२२ मध्ये पुन्हा मळणी यंत्रे फोडली गेली, गंज्या पेटवल्या गेल्या. रात्री आगी दिसत असल्याच्या बातम्या एब्रम भावाला कळवत होता.

म्हणजे कॉन्स्टेबलला हे माहीत होते. चित्रात मात्र त्याचा मागमूस नाही. गवत कापणारी माणसे त्याने इतकी दूर ठेवली की त्यांचे चेहरे दिसत नाहीत. तो स्वतः पुराणमतवादी होता. मताधिकार वाढवणाऱ्या १८३२ च्या सुधारणा कायद्याला त्याचा विरोध होता. त्याच्या घरची सुबत्ता धान्याच्या चढ्या भावावर उभी होती.

त्यावरून चित्र खोटे ठरते का? चाक कसे भिजते, पाणदरवाजा कसा उघडतो, पावसापूर्वी कुरणाचा रंग कसा बदलतो, हे त्याच्याइतक्या नेमकेपणाने आधी कुणी दाखवले नव्हते. ते ज्ञान चक्कीमालकाच्या मुलाचे होते. जे दाखवले नाही, त्याकडे न पाहण्याची सवयही चक्कीमालकाच्या मुलाचीच होती. हे चित्र पाहताना दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

अखेरची वर्षे कशी गेली?

१८२४ पासून मारियाला हवापालटासाठी समुद्रकाठच्या ब्रायटनला नेले जाऊ लागले. तिला क्षय झाला होता. जानेवारी १८२८ मध्ये सातवे मूल झाले. त्याच वर्षी मारियाचे वडील वारले आणि २० हजार पौंडांचा वारसा मिळाला. आयुष्यभराची पैशाची चिंता मिटली. पण २३ नोव्हेंबर १८२८ रोजी मारिया गेली. कॉन्स्टेबलने त्यानंतर कायम शोकाचे काळे कपडे वापरले, असे सांगतात.

तीन महिन्यांतच, फेब्रुवारी १८२९ मध्ये, तो अकादमीचा पूर्ण सदस्य झाला, तोही एका मताने. वय ५२. जिच्यासोबत हा आनंद वाटायचा ती राहिली नव्हती. त्यानंतरच्या चित्रांत आकाश गडद होत गेले. पडक्या बुरुजांचा हॅडली किल्ला आणि वादळी ढगांखालचे सॉल्सबरीचे कॅथेड्रल ही याच काळातली.

१८३२ च्या प्रदर्शनात त्याचे ‘वॉटर्लू पुलाचे उद्घाटन’ आणि टर्नरचे करड्या समुद्राचे चित्र शेजारी लागले. कॉन्स्टेबल लाल, सोनेरी छटा चढवत होता. टर्नर आला, आपल्या समुद्रात लाल रंगाचा एक ठिपका ठेवून निघून गेला आणि शेजारचे सारे चित्र फिके पडले. नंतर त्याने त्या ठिपक्याची पाण्यावर तरंगणारी खूण केली. हा किस्सा आजही सांगितला जातो.

त्याच वर्षी एकदा घोडागाडीतून प्रवास करताना एका अनोळखी सहप्रवाशाने हा कॉन्स्टेबलचा मुलूख असल्याचे त्याला सांगितले. आपण कोण, हे मग त्याला सांगावे लागले.

३१ मार्च १८३७ रोजी वयाच्या ६०व्या वर्षी लंडनच्या राहत्या घरी त्याचा अचानक मृत्यू झाला. त्या दिवसापर्यंत तो ज्या चित्रावर काम करत होता, ते होते अरुंडेलची पाणचक्की आणि किल्ला. हॅम्पस्टेडच्या चर्चमध्ये मारियाच्या शेजारी त्याला पुरले.

आज या चित्राचे महत्त्व काय?

त्याच्या निधनानंतर मित्रांनी वर्गणी काढून ‘द कॉर्नफिल्ड’ हे त्याचे चित्र विकत घेतले आणि नॅशनल गॅलरीला दिले. ‘द हे वेन’ मात्र संग्राहक हेन्री व्हॉन यांच्या देणगीतून १८८६ मध्ये तेथे आले, म्हणजे रंगवल्यानंतर ६५ वर्षांनी.

तेव्हापासून कुणाला देश धोक्यात आहे असे सांगायचे असेल तर हे चित्र हाताशी घेतले जाते. १९८० मध्ये पीटर केनर्ड या कलावंताने याच गाडीवर अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे चढवलेली दाखवली. जुलै २०२२ मध्ये हवामान आंदोलकांनी नदीच्या जागी डांबरी रस्ता आणि आकाशात विमाने दाखवणारी प्रत मूळ चित्रावर चिकटवली आणि चौकटीला हात चिकटवून बसले. चित्राच्या पृष्ठभागाला किरकोळ इजा झाली, ती दुरुस्त करण्यात आली.

विली लॉटचे घर आजही फ्लॅटफर्डला उभे आहे. पाणचक्कीही आहे. पर्यटक चित्रातली जागा शोधत तेथे येतात आणि फोनवर चित्र उघडून समोरचे दृश्य जुळवून पाहतात. घर जुळते. गवताच्या गाड्या केव्हाच गेल्या. आकाश मात्र दर दहा मिनिटांनी बदलते, त्यामुळे ते जुळवायचे तर थोडा वेळ थांबावे लागते.